जाते म्हणायचं नाही

सहलीच्या चौथ्या सकाळी बिछाना झटकता झटकता तिची खात्री पटली, की ही वाळू आता आयुष्यभर आपल्याबरोबर राहणार. चादर झटकली की वाळू उशीत जायची, उशी झटकली की पावाच्या पुडक्यात. दात घासताना दातांखाली तीच. समुद्र बाहेर होता तिथेच होता, किनारा तेवढा आत राहायला आला होता.

घरगाडी भाड्याने घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने आठवडाभर फिरायचं, ही कल्पना नवऱ्याची. त्याचं चष्म्यांचं दुकान. 'आता दिसतंय? आणि आता?' असं दिवसभर लोकांना विचारून त्याचा असा समज झाला होता, की माणसाला एखादी गोष्ट नीट दाखवली की ती त्याला आवडतेच. म्हणून दर दुसऱ्या वळणावर गाडी थांबवून तो पोरांना समुद्र दाखवत होता.

"बघा, समुद्र," तो म्हणायचा.

"हा कालचाच आहे," मुलगा म्हणायचा.

मुलगा आठ वर्षांचा. ऊठसूट कायद्यावर बोट ठेवायची सवय, म्हणून घरात त्याला वकीलसाहेब म्हणत. मुलगी चार वर्षांची. ती लवंगी. हे नाव मसाल्याच्या डब्यातून नव्हे, मिरचीवरून पडलं होतं, आणि ते का पडलं हे तिच्याबरोबर पाच मिनिटं बसलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नसे. या दोघांना एका खोलीत घालायचं आणि ती खोली दिवसभर रस्त्यावरून हलवत न्यायची, याला जर सहल म्हणायचं असेल, तर आजवर बंद पडलेल्या लिफ्टमधून आपण जी माणसं बाहेर काढली ती सगळी सहलीलाच गेली होती, असं तिचं मत झालं होतं.

ती लिफ्ट बसवायची आणि दुरुस्त करायची. पंधरा वर्षं हेच काम. माणसांना वर-खाली नेणारी अवजड यंत्रं तिच्या एका पान्यासरशी सुतासारखी सरळ येत. घरातल्या तीन माणसांवर मात्र तो पाना चालत नसे.

गाडी म्हणजे ट्रकच्या पाठीवर खोली ठेवलेली. पुढे केबिन, त्यात ड्रायव्हर आणि शेजारी दोघांपुरती जागा. मागे खोली. तिथे टेबल मोडलं की पलंग व्हायचा, पलंग मोडला की बाक, आणि प्रत्येक मोडामोडीत कुणाचं तरी बोट सापडायचं. डावं वळण आलं की फ्रिजचं दार उघडून अंडी दर्शन द्यायची. केबिन आणि खोली यांच्या मधे भिंत. भिंतीत हातभर खिडकी होती, पण तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातलेले, कारण दुसरीकडे खिळाच नव्हता. पुढून मागे यायचं तर गाडी थांबवून, खाली उतरून, वळसा घालूनच यावं लागे.

आणि दाराचा तो भोंगा. मागचं दार नीट लागलं नाही आणि गाडी चालू केली, की तो बोंबलायचा. दाराच्या कडीत वाळू, त्यामुळे दार कधी नीट लागायचंच नाही, त्यामुळे भोंगा पहिल्या दिवशी दिवसभर बोंबलला. दुसऱ्या दिवशी तिने झाकण उघडून त्याची तार काढून टाकली. तिच्या कामात दाराची तार काढणं म्हणजे महापाप. दार लागल्याची खूण मिळाल्याशिवाय लिफ्टने तसूभर हलायचं नाही, हा पहिला धडा. पण ही काय लिफ्ट नव्हती, आणि तिच्या कपाळात ठणका सुरू झाला होता.

हे सगळं तिने दात-ओठ खाऊन सोसलं असतं, पण सहलीला आली होती ती एका कामासाठी, आणि ते काम होत नव्हतं. घरी परतल्यावर तीन दिवसांत ती निघणार होती. समुद्रापलीकडे एक भलंमोठं इस्पितळ उभं राहत होतं, त्याच्या सगळ्या लिफ्ट बसवायच्या, आठ महिने. काम तिने स्वतः मागून घेतलं होतं. कित्येक वर्षं मागत होती. नवरा खुशीने हो म्हणाला होता. पोरांना मात्र अजून पत्ता नव्हता.

"दोघं आनंदात असली ना, की सांगू," नवरा म्हणाला होता. बेत उत्तम होता. अडचण एवढीच, की दोघं एका वेळी आनंदात असल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. वकीलसाहेब हसत असले की लवंगी भोकाड पसरलेली असायची, कारण बहुधा तेच हसण्याचं कारण असायचं.

शिवाय सांगायचं कसं? तिच्या घरात एक शब्द बंद होता. तिच्या आईने तिला वाढवलं ते 'जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं' या शिस्तीत, आणि तिने तीच शिस्त पोरांना लावली होती. शाळेत निघाला तरी येतो, अंघोळीला निघाली तरी येते. उंबऱ्याशी कुणी चुकून 'जातो' म्हणालं, की ती हातातलं काम टाकून यायची आणि शब्द बदलल्याशिवाय सोडायची नाही. समोरच्याने 'ये' म्हणायचं, मगच पाऊल बाहेर. वकीलसाहेबांनी एकदा युक्तिवाद केला होता, की जाताना येतो म्हणणं हे धडधडीत खोटं आहे. त्यांच्यावर तिने असे डोळे वटारले, की ते प्रकरण पुन्हा उभं राहिलं नाही. आता स्वतःवर वेळ आली, तर 'आई जाणार आहे' हे तीन शब्द तिच्या घशाखालून वर येईनात. 'आई येणार आहे' म्हणावं, तर आई समोरच बसलेली.

त्या दुपारी घाट चढण्याआधी नवऱ्याने पेट्रोलपंपावर गाडी लावली. पंप अगदी समुद्राकाठी, बाजूला पाण्याचा नळ. तो आणि वकीलसाहेब बर्फ आणायला गेले. लवंगी तिची लाल बादली घेऊन नळाशी पाणी भर, ओत, भर, ओत, असं करत बसली. आईचं डोकं फुटायच्या बेताला आलं होतं. तिने सगळ्यांना हाका मारून गोळा केलं, लवंगीला उचलून मागच्या बाकावर आणलं, आणि डोळ्यांवर ओलं फडकं टाकून स्वतः बाकावर टेकली.

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "लवंगी, पुढे बसायला येतेस का गं?"

पाठोपाठ वकीलसाहेबांचा, "खिडकी माझी आहे. ती आली तर मधे बसेल."

मग अगदी जवळून, दारातून, लवंगीचा, "आई, मी येते हं."

"ये," ती फडक्याखालून म्हणाली. सवयीने म्हणाली. पोर पुढे बसायला निघाली, सुटलो एकदाचे, एवढंच तिच्या मनात आलं.

थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. पहिल्याच वळणावर दार थाडकन आपटलं. तिने एका डोळ्यावरचं फडकं बाजूला केलं, उठून दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि 'या पोरीला दार लावायची अक्कल कधी येणार' असं पुटपुटत पुन्हा आडवी झाली.

आणि मग चार दिवसांत पहिल्यांदा शांतता झाली. कुणी कुणाला चिमटा काढला नाही. कुणाला शी आली नाही. फ्रिजसुद्धा बंद राहिला. डोक्यातला ठणका हळूहळू उतरला. तिने मनातल्या मनात वाक्यांची जुळवाजुळव सुरू केली. 'आईला एक मोठं काम मिळालंय.' हे बरं वाटत होतं. 'त्यासाठी आईला दूर...' इथे गाडी अडायची. ती पुन्हा पहिल्या वाक्यावर यायची. घाट अर्धा चढून झाला, तरी दुसरं वाक्य काही पुरं होईना.

शेवटी तिने ठरवलं, की आनंदाची वाट बघण्यात अर्थ नाही. दोघं गप्प आहेत, एवढं पुरे. वर पोचलो की सांगून टाकायचं. तिने टॉवेल बाजूला सारून खिडकीच्या काचेवर टकटक केली.

नवऱ्याने काच सरकवली. "आलंच आता," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. हे त्याचं नेहमीचं. घरातून निघाल्या क्षणापासून सगळं आलंच असायचं.

"लवंगी झोपली वाटतं," ती म्हणाली. "केवढी शांत आहे."

"हो ना. मी तेच म्हणणार होतो, कशी काय झोपवलीस?"

मग तिने खिडकीतून मान जाईल तेवढी पुढे घातली. खिडकीशी वकीलसाहेब बसले होते. मधे बर्फाची पिशवी होती.

तिच्या पायाखालची जमीन सरकली, असं म्हणावं तर ती आधीपासूनच सरकत होती, पन्नासच्या वेगाने, नको त्या दिशेला. "थांबव," ती म्हणाली. "गाडी थांबव. ती मागे राहिलीय."

नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि दोघं खाली उतरून एकमेकांसमोर उभे राहिले.

"तुझ्याकडे होती ना?" तो म्हणाला.

"तू हाक मारलीस तिला. येते म्हणाली ती."

"मग आली नाही ना! मला वाटलं, रुसून मागेच बसली."

"मला म्हणाली मी येते. मी ये म्हटलं. तुझ्याकडे येतेय असं वाटलं मला."

"अगं, ती येते म्हणाली म्हणजे ती निघाली होती," नवरा म्हणाला आणि मधेच थांबला. बादली. नळाशी राहिलेली लाल बादली दोघांनाही एकदमच आठवली. पोर बादली आणायला उतरली होती, आणि उतरताना शिकवलं होतं तस्सं बोलून उतरली होती.

वकीलसाहेब दारात येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ती पुढे आली नाही ते मी बघितलं होतं," ते म्हणाले. "पण मला वाटलं मागेच आहे. मला खिडकी हवी होती." आणि एवढा मोठा वकील, पण ढसाढसा रडायला लागला.

त्याला रागवायला वेळ नव्हता, आणि तोंडही नव्हतं. दार उघडं राहिलं होतं. भोंगा असता, तर गाडी सुरू होताच बोंबलला असता, नवरा शिव्या घालत उतरून मागे आला असता, आणि बाकावर पोर नाही हे तिथल्या तिथे दिसलं असतं. तार तिने काढली होती. आपटणारं दार तिनेच उठून लावलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा चालू होता, आणि कळसा पंपावर ठेवून आलो होतो.

आता ती खोली वळवायची कशी? एका बाजूला डोंगर, एका बाजूला कठडा आणि त्याखाली तोच कालचा समुद्र. नवऱ्याला मोकळ्या मैदानात गाडी मागे घ्यायला पाच खेपा लागत. ती पळत मागे जाऊन रस्त्यात उभी राहिली आणि हात हलवायला लागली. "येऊ दे," ती ओरडली. "येऊ दे. येऊ दे. डावीकडे. येऊ दे." तिसऱ्यांदा तो शब्द ओरडताना तिचा आवाज फाटला. नवऱ्याने आरशात तिच्याकडे बघितलं, आणि त्याला आजवर कधी जमलं नव्हतं ते जमलं. गाडी एका दमात वळली.

उतारावर ती पुढे बसली. बर्फाची पिशवी तिच्या मांडीवर वितळत होती, आणि ती खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं. पंप रस्त्याला लागून. पाठीमागे पाणी. चार वर्षांचं पोर, हातात बादली.

"आलंच आता," नवरा म्हणाला.

"आलंच म्हणू नकोस," ती म्हणाली. त्याने वेग थोडा वाढवला. मग म्हणाला, "नाही म्हणत." तिने आपला ओला हात चाकावरच्या त्याच्या हातावर ठेवला.

पंप दिसला. नळ दिसला. नळाशी कुणी नव्हतं. मग पंपाच्या खोलीच्या सावलीत लाल काहीतरी दिसलं. बादली पालथी घातलेली, आणि तिच्यावर लवंगी, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखाद्या कचेरीत नंबर लागायची वाट बघावी तशी बसलेली. शेजारी स्टुलावर पंपावरची बाई. तिने पेट्रोल भरणं दुसऱ्या कुणावर तरी सोपवलं होतं आणि एक हात पोरीच्या पाठीमागे धरून ठेवला होता.

गाडी पुरती थांबायच्या आत आई उतरली. लवंगीला उचलून छातीशी धरलं. पोर रडली नाही. अंग ताठ करून तशीच राहिली.

"रस्त्याकडे नाही गेली हो," पंपावरची बाई म्हणाली. "मी विचारलं, घरचे कुठे गेले? तर म्हणते, गेले नाहीत. म्हटलं, अगं, गाडी तर दिसत नाही. तर मलाच म्हणते, कुणी येतो म्हटलेलं नाही अजून, त्यामुळे गेलेले नाहीत."

नवरा बाईचे आभार मानायला लागला, आणि मानतच राहिला. बाईने त्याला पाणी दिलं आणि खुर्चीवर बसवलं.

ती लवंगीला घेऊन नळाशी गेली. पाय धुवायचं निमित्त. पोरीच्या बोटांमधली वाळू काढता काढता तिने विचारलं, "घाबरलीस?"

"मी येते म्हटलं होतं," लवंगी म्हणाली. "तू ये म्हणालीस."

"हो गं. म्हणाले मी."

"मग मी आले. तर गाडीच नव्हती."

ती पाय धूत राहिली. स्वच्छ झालेले पाय तिने पुन्हा धुतले. वकीलसाहेब येऊन जवळ उभे राहिले, आणि कुणी न विचारता म्हणाले, "घरी जाईपर्यंत खिडकी तुझी." लवंगीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. तो उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आत्ता? अगं, आत्ता नको. आज पुरे झालं."

"आत्ताच," ती म्हणाली. "न सांगता निघणं काय असतं, ते दोघांनी आज बघितलंय. परत नाही दाखवायचं मला."

ती नळाच्या ओट्यावर बसली. दोघांना समोर घेतलं. "आईला एक मोठं काम मिळालंय," ती म्हणाली. "या समुद्राच्या पलीकडे. तिथल्या इस्पितळात लिफ्ट बसवायच्या आहेत, म्हणजे आजारी माणसांना वर नेता येईल. घरी पोचलो की मी तिकडे..." गाडी पुन्हा तिथेच अडली. "आठ महिने. बाबा असेल तुमच्याजवळ. मी रोज फोन करीन."

वकीलसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे माझ्या वाढदिवसाला नाहीस."

"नाही."

"हे आधी सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं. चुकलं माझं." आईने एवढ्या सहज गुन्हा कबूल केल्यावर पुढे काय करायचं, हे वकिलाला माहीत नव्हतं. तो येऊन तिला चिकटून बसला.

लवंगी अजून उभीच होती. ओल्या पायांनी, बादली पोटाशी धरून. "तुला पाहिजे आहे ते काम?" तिने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," ती म्हणाली. "खूप पाहिजे आहे. आणि तुम्हीपण पाहिजे आहात."

लवंगीने त्यावर विचार केला. "तू निघशील तेव्हा मी झोपलेली असेन?"

"नाही. तुला उठवीन. तुला सांगेन, लवंगी, मी येते हं. मग तू ये म्हणायचं. मग..."

"नाही," लवंगी म्हणाली. "येते नाही म्हणायचं. येते म्हटलं की कुणाला कळत नाही. तू जाते म्हण."

"जाते म्हणू नये, बाळा."

"जाते म्हण. आत्ता म्हणून दाखव."

नवरा काहीतरी बोलायला गेला, पण तिने हाताने थांबवलं. अख्ख्या आयुष्यात उंबऱ्यावर, फाटकात, विमानतळावर, तिने हा शब्द कधी उच्चारला नव्हता. तिची आई गेली, त्या दिवशी इस्पितळाच्या खोलीतून निघतानासुद्धा ती 'येते गं' असंच म्हणाली होती. आणि समोर चार वर्षांचं पोर बादली घेऊन उभं होतं, शब्द बदलल्याशिवाय सोडणार नव्हतं. हे तिने कुणाकडून उचललं ते विचारायची सोय नव्हती.

"जाते," ती म्हणाली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, "लवंगी, मी जाते."

लवंगीने ते नीट ऐकून घेतलं. बादली खाली ठेवली, पुढे आली, आणि मोठ्या माणसासारखी मान हलवून म्हणाली, "ये."